रिकामा गाभारा आणि मिटलेले दार

जबलपूरजवळ भेडाघाटच्या टेकडीवर दहाव्या शतकाच्या सुमारास कलचुरी राजवटीत उभारलेले चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर आहे. तेथील बहुतेक योगिनीमूर्ती भग्न आहेत. परंतु मध्यभागी असलेल्या गौरीशंकराची पूजा आजही चालते. अशा स्थळी स्वाभाविकच प्रश्न उद्भवतो : उपासनेचे अधिष्ठान वास्तूत असते, मूर्तीत असते, की उपासकाच्या अंतःकरणात? मंदिरच नाहीसे झाले, तर उपासनेचे काय होते? यहुदी परंपरेला हा प्रश्न प्रत्यक्ष भोगावा लागला.

यरुशलेमच्या मंदिराची रचना अंगण, पवित्रस्थान व परमपवित्रस्थान अशी क्रमाने आत जाणारी होती. आपल्याकडील सभामंडप, अंतराळ व गर्भगृह यांचे स्मरण तीमुळे होते. भेद मात्र मूलगामी आहे. दुसऱ्या मंदिराच्या त्या गाभाऱ्यात मूर्ती नव्हती, कराराचा कोशही उरला नव्हता. इ.स.पूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे आत शिरला, तेव्हा त्याला तेथे कोणतीही देवप्रतिमा आढळली नाही.

या रिक्त स्थानी केवळ मुख्य याजकच, तोही वर्षातून एकाच दिवशी, तिश्री महिन्याच्या दहाव्या तिथीला प्रवेश करी. हाच प्रायश्चित्ताचा दिवस होय. लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात त्याचा विधी सांगितला आहे. याजक साधी तागाची वस्त्रे धारण करी आणि प्रथम स्वतःच्या व आपल्या घराण्याच्या पापांचे प्रायश्चित्त करून मगच लोकांसाठी विधी करी. दोन बोकडांपैकी चिठ्ठीने एकाचा बळी दिला जाई, तर दुसऱ्यावर लोकांचे अपराध ठेवून त्याला अरण्यात सोडले जाई. स्वतः निर्दोष असल्याचा दावा करून दुसऱ्यासाठी मध्यस्थी करता येत नाही, हा या क्रमाचा आशय आहे.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केले. बलिदान थांबले, पण सण थांबला नाही. धर्मपंडितांनी प्रार्थना, उपवास व दयाकर्म यांना त्याचे स्थान दिले. या दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेस 'नेईला', म्हणजे दारे मिटणे, असे नाव आहे. मंदिराची दारे गेली. त्यांच्या मिटण्याची स्मृती शब्दात राहिली.

या संदर्भात कोकणातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण मननीय ठरते. कुलाबा भागात तेलाचे घाणे चालविणाऱ्या व शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या मराठीभाषक समाजाला लोक 'शनवार तेली' म्हणत. हिब्रू ग्रंथांचे ज्ञान दीर्घकाळ लोपले होते. तरी शब्बाथ, सुंता व 'शमा' हे श्रद्धावचन टिकून होते. प्रायश्चित्ताच्या दिवसाला त्यांनी 'दारफाळणीचा सण' असे मराठी नाव दिले होते. त्या दिवशी घराची दारे लावून ते उपवास करीत व बाहेरच्यांचा संपर्क टाळीत. दुसऱ्या दिवशीच्या 'शिळ्या सणाला' दानधर्म व आप्तेष्टांच्या भेटी होत. मुंबईत सामुएल एझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये सिनेगॉग उभारले. त्यापूर्वी घर हेच त्यांचे मंदिर होते.

दारफाळणी आणि नेईला यांचा ऐतिहासिक संबंध काहीही असो, अर्थदृष्ट्या त्या जवळच्या आहेत. मिटलेले दार जगाचा तिरस्कार सुचवीत नाही. एक दिवस स्वतःशी व ईश्वराशी प्रामाणिक राहण्याची ती मर्यादा आहे. तथापि माणसाने माणसाचा केलेला अपराध केवळ उपवासाने फिटत नाही, दुखावलेल्याची समजूत घालावीच लागते, असे मिश्ना हा ग्रंथ स्पष्टपणे सांगतो. म्हणून मिटलेल्या दाराइतकेच दुसऱ्या दिवशी उघडणारे दारही महत्त्वाचे आहे.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये स्थायिक झाले. कोकणातील अनेक दारे त्यामुळे कायमची मिटली. परंतु याजक, वेदी आणि ग्रंथ यांवाचून शतकानुशतके जपलेला हा सण एवढे निश्चित दाखवून देतो की, मंदिराचा गाभारा अखेर अंतर्मुख झालेल्या मनातच असतो, आणि त्या मनाची कसोटी शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर लागते.