जबाबदार मद्यसेवेचे प्रशिक्षण : स्टॉकहोमच्या अनुभवाचा अभ्यास

प्रस्तावना
मद्यपानातून उद्भवणाऱ्या मारामाऱ्या व अपघात यांचा विचार करताना आपले लक्ष पिणाऱ्यावर केंद्रित होते. पेला भरून देणारा दुर्लक्षित राहतो. वस्तुतः ग्राहकाची अवस्था समोर पाहणारी आणि पुढचा पेला रोखू शकणारी पहिली व्यक्ती तीच होय. जबाबदार मद्यसेवेचे प्रशिक्षण या व्यक्तीसाठी असते. त्याची परिणामकारकता कशावर अवलंबून असते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रशिक्षणाचे स्वरूप
वयाचा पुरावा तपासणे, नशेची लक्षणे ओळखणे आणि नकार देणे ही या प्रशिक्षणाची तीन अंगे होत. जड झालेली जीभ, अडखळती पावले व चढा आवाज यांवरून नशा ओळखता येते. यकृत अल्कोहोलचे विघटन आपल्या ठरावीक गतीनेच करते. कॉफीने वा थंड पाण्याच्या स्नानाने ती गती वाढत नाही. म्हणून खाद्यपदार्थ सुचवणे, मद्य देण्यास विलंब करणे आणि चारचौघांत अपमान न करता नकार देणे यांचा सराव करून घेतला जातो.

स्टॉकहोमचा अनुभव
स्वीडनमध्ये नशेतील ग्राहकास मद्य देण्यास कायद्याने मनाई आहे. तथापि १९९६ मध्ये स्टॉकहोम येथे नशेचे सोंग घेतलेल्या नटांना मद्यालयांत पाठवले असता केवळ ५ टक्के प्रसंगी नकार मिळाला. त्यानंतर ‘स्टॅड’ प्रकल्पांतर्गत कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, अधिकारी व मालक यांचे सहकार्य आणि कडक तपासणी या तिन्ही गोष्टी एकत्र राबवण्यात आल्या. नकाराचे प्रमाण १९९९ मध्ये ४७ टक्के, तर २००१ मध्ये ७० टक्के झाले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार प्रकल्पक्षेत्रातील हिंसक गुन्हे २९ टक्क्यांनी घटले.

विवेचन
१९९६ मध्येही कायदा होता. नव्हते ते नकार देणाऱ्याच्या पाठीशी कोणी. ज्याची कमाई बक्षिसीवर आणि नोकरी मालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे, अशा वेटरला केवळ ज्ञान देऊन भागत नाही. नकारामुळे त्याचे नुकसान होणार नाही, उलट नशेतील ग्राहकास मद्य दिल्यास परवाना धोक्यात येईल, याची मालकालाही जाणीव असावी लागते.

निष्कर्ष
महाराष्ट्रात बिअर व वाईनसाठी २१, तर अन्य मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. परमिट रूममधील तरुण वेटरने आपल्याहून श्रीमंत ग्राहकाकडे वयाचा पुरावा मागावा, अशी अपेक्षा त्यात अनुस्यूत आहे. हॉटेल व्यवस्थापन शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी मद्य कसे द्यावे याबरोबरच ते केव्हा देऊ नये, याचाही प्रात्यक्षिकांत समावेश करावा. मात्र त्या नकाराला बळ देण्याची जबाबदारी मालक व शासन यांचीच राहील.