झेनिट, मोबाईल आणि दोन धूमकेतू

१९९७ सालच्या एप्रिलमध्ये हेल-बॉप नावाचा धूमकेतू सूर्यास्तानंतर वायव्येला दिसत असे. आमचे कारंजा लाड तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा झाला तो १९९८ साली. मी महाविद्यालयात शिकत होतो. मित्राच्या काकांचा झेनिट कॅमेरा आणि अमरावतीहून मागवलेला ४०० स्पीडचा एकच रोल घेऊन आम्ही दोघे सायकलींवर सोहोळच्या माळाकडे निघालो. (तेथे आता काळविटांचे अभयारण्य आहे.) फोटो छत्तीस, आणि धूमकेतू परत यायचा तो सुमारे अडीच हजार वर्षांनी!

शटर किती वेळ उघडे ठेवायचे? पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश ताशी १५ अंशांनी सरकताना दिसते. झेनिटच्या ५८ मिलिमीटरच्या भिंगाने दहा सेकंदांहून जास्त वेळ घेतला, की ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणजे जेवढा प्रकाश दहा सेकंदांत मिळेल, तेवढ्यातच भागवायचे.

फिल्मवर सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक असतात. प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, आदळला की स्फटिकात चांदीचा एखादा अणू मोकळा होतो. असे चारएक अणू एकत्र जमले, तरच तो स्फटिक पुढे रसायनात काळा पडतो. स्फटिक मोठा असला तर त्यावर जास्त फोटॉन पडतात. पावसात वाटीपेक्षा परातीत जास्त पाणी जमते, तसेच. म्हणून जलद फिल्मचे स्फटिक मोठे असतात आणि चित्र रवाळ दिसते.

पण खरी अडचण पुढेच आहे. एकटा पडलेला चांदीचा अणू फार काळ टिकत नाही. प्रकाश मंद असला, तर दुसरा अणू तयार होण्याआधी पहिला नाहीसा होतो. गळक्या घागरीत थेंब थेंब पाणी टाकून ती भरेल काय? त्यामुळे मंद प्रकाशात वेळ दुप्पट केला तरी परिणाम दुप्पट होत नाही. फिल्मवर पडलेल्या शंभर फोटॉनांपैकी जेमतेम एकदोन कामी येतात.

रोल धुवायला दिला. स्टुडिओवाल्याला बहुतेक फ्रेम काळोख्या, म्हणजे वाया गेलेल्या वाटल्या. त्याने त्या छापल्याच नाहीत, शिवाय निगेटिव्ह कापताना कात्री नेमकी एका धूमकेतूवरून फिरवली. तीन फोटो वाचले. ते आजही माझ्याजवळ आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू पश्चिमेला आला, तेव्हा मी मोबाईल गच्चीच्या कठड्यावर विटेला टेकवून ठेवला. हेल-बॉपपेक्षा हा कितीतरी मंद दिसत होता. झेनिटच्या भिंगाचे तोंड २९ मिलिमीटरचे, मोबाईलचे सुमारे ४. क्षेत्रफळ काढून पाहा: जुन्या कॅमेऱ्यात पन्नासपट प्रकाश शिरत होता! तरीही मोबाईलमध्ये शेपटी स्पष्ट उमटली.

याचे कारण सिलिकॉन. त्यातील सूक्ष्म चौकटींवर फोटॉन पडला, की इलेक्ट्रॉन सुटतो आणि तेथेच साठून राहतो. चौघांची वाट पाहावी लागत नाही. रंगगाळणीतून पार झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक फोटॉन मोजले जातात. शिवाय मोबाईल अनेक छोटे फोटो घेतो, ते सरकवून तारे एकमेकांवर जुळवतो आणि बेरीज करतो. फिल्मला ही बेरीज जमत नव्हती. (या प्रकारच्या संवेदकांतील सीसीडीची कल्पना बॉइल आणि स्मिथ यांनी १९६९ साली मांडली, त्यांना नोबेल मिळाले २००९ मध्ये.)

मग मोबाईलच्या रात्रीच्या फोटोतही रवा का दिसतो? पाटीवर खडूने शंभर सारखे चौकोन आखा आणि वरून चारशे ज्वारीचे दाणे सारखे पसरतील असे टाका. प्रत्येक चौकोनात चारच पडतात का? कोठे एक, कोठे सात! फोटॉनही असेच पडतात. सरासरी १०० असेल, तर फरक दहाएकाचा, म्हणजे १० टक्के. १०,००० असेल, तर शंभराचा, म्हणजे अवघा १ टक्का. हा दोष कॅमेऱ्याचा नव्हे, प्रकाशाचाच आहे. कितीही महाग मोबाईल घेतला तरी तो जात नाही. जास्त फोटॉन गोळा करणे, एवढाच उपाय.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री आपल्याकडून खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे. तांबूस चंद्र पौर्णिमेच्या चंद्राहून हजारो पटींनी मंद असतो. तेव्हा मोबाईल हातात धरू नका, विटेला टेकवा.