दूरदर्शनवरील साहसवीर आणि पनवेलची मुले

पनवेल गावात आज पन्नाशीच्या घरात आलेल्या एखाद्या गृहस्थास त्याच्या लहानपणीच्या रविवारांविषयी विचारावे, म्हणजे वडाळे तलाव, गाढी नदीचे पात्र आणि दक्षिणेस दिसणारा कर्नाळ्याचा सुळका यांच्या जोडीने आणखी एक स्थळ त्याच्या बोलण्यात हटकून येते. ते स्थळ म्हणजे शेजाऱ्यांची ओटी. त्या ओटीवर लहानशा कपाटासारख्या लाकडी पेटीत, सरकत्या दारांआड, टेलिव्हिजनचे यंत्र ठेवलेले असावयाचे, आणि आळीतील पंधरा-वीस मुले त्यासमोर मांडी घालून बसलेली असावयाची. खुर्ची वडीलधाऱ्यांस, सतरंजी मुलांस, आणि ज्यास सतरंजीवरही जागा मिळाली नाही त्यास खिडकीचे गज, अशी ती व्यवस्था होती. घरच्या माउलीने एकदा 'पुरे झाले आता' म्हटले की पेटीची दारे लागत, आणि मग पडद्यावरील वीर कितीही संकटात सापडलेला असो, त्यास तेथेच सोडून मुलांस घरोघर जावे लागे.

पनवेलकरांस हे सुख महाराष्ट्रातील कित्येक गावांच्या आधी लाभले. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीनंतरचे ते देशातील दुसरे केंद्र होय. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, म्हणजे आरंभीची काही वर्षे हे बालक आकाशवाणीच्याच घरी वाढत होते. टेलिव्हिजनच्या लहरी प्रकाशकिरणांप्रमाणे बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वीचा गोलावा आड आला की त्या थकतात, आणि म्हणूनच मनोरा उंच बांधावा लागतो. वरळीचा दूरदर्शन मनोरा सुमारे ३०० मीटर उंच आहे. इतक्या उंचीवरून क्षितिज सुमारे ६२ किलोमीटरांवर पडते, आणि पनवेल हे वरळीपासून हवाई अंतराने अवघे ३१ किलोमीटर व जवळजवळ नेमके पूर्वेस आहे. मधला बराचसा भाग बंदराच्या पाण्याचा व खाडीचा. शिवडीपासून न्हावाशेव्यापर्यंतचा जो अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला, त्याच पाण्यावरून त्यापूर्वी पन्नास वर्षे चित्रे पनवेलास येत होती, असे म्हटले तर वावगे होणार नाही. डोंगराच्या आड पडलेल्या वाड्या-पाड्यांस मात्र तेच चित्र दुर्मिळ होते. एका गावचा पोरगा मालिकेतील प्रसंग सांगतो आणि चार कोसांवरील त्याचा मामेभाऊ नुसताच ऐकतो, असा प्रकार तालुक्यात सर्रास चाले.

घराच्या कौलांवर उभ्या केलेल्या अँटेनाची तोंडे या कारणाने पश्चिमेकडे, मावळत्या सूर्याकडे असत. ॲल्युमिनियमच्या आडव्या कांड्यांची ही रचना यागी व उदा या दोन जपानी संशोधकांच्या नावाने ओळखली जाते, आणि ती १९२६ सालची आहे. कांड्यांपैकी एकच लहर पकडून तारेत सोडते. तिच्या पुढच्या कांड्या लहर एकवटून तिच्याकडे पाठवितात, आणि मागची कांडी उरलीसुरली परतविते. ही दिशा चार बोटे चुकली तरी पडद्यावर मुंग्यांचे वारूळ फुटे. पावसाळ्यातील वारा, पतंगाचा मांजा आणि कावळा हे तिचे तीन शत्रू. कावळ्यास ती उंच, मोकळी बैठक फार प्रिय. रविवारी सकाळी कौलांवर चढून अँटेना फिरविणे हे काम ज्या मुलाकडे असे त्यास आळीत विशेष मान असे. खालून 'आले, आले! गेले!' असा पुकारा व्हावयाचा, वरून 'आता?' असा प्रश्न यावयाचा, आणि बिचारा तो वरचा मुलगा सुरुवातीचे गाणे संपेपर्यंत आकाशातच राहावयाचा. साहसाचा पहिला भाग असा पडद्याबाहेरच घडे.

चित्र स्वच्छ आले तरी त्यास कधी कधी जोडीदार मिळे. पडद्यावरील चित्र दर सेकंदास पंचवीस वेळा, प्रत्येक वेळी ६२५ ओळींत, डावीकडून उजवीकडे काढले जाते. एका ओळीच्या वाट्यास सेकंदाचे ६४ दशलक्षांश येतात आणि त्यांपैकी ५२ प्रत्यक्ष चित्रासाठी असतात. लहर एका दशलक्षांशात सुमारे ३०० मीटर धावते. आता तीच लहर सरळ न येता एखाद्या डोंगरकड्यावर आपटून आली व तिला ६०० मीटर अधिक चालावे लागले, तर ती दोन दशलक्षांश उशिरा पोहोचते, आणि चाळीस सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर मूळ आकृतीच्या उजवीकडे सुमारे दीड सेंटिमीटरावर तिची फिकट प्रतिकृती उमटते. पनवेलच्या भोवती डोंगरांस तोटा नाही. मुले या प्रतिकृतीस सरळ भूत म्हणत. योगायोग असा की या भुताचा त्रास ज्या मालिकेच्या वेळी सर्वांत शोभून दिसे, ती खरोखरच भुताची होती.

ती म्हणजे १९८५ साली सुरू झालेली रामानंद सागर यांची 'विक्रम और बेताल'. अरुण गोविल विक्रम राजा झाले होते आणि सज्जन हे जुने नट बेताल. कथा मराठी घरांस नवी नव्हती. वेताळपंचविशी आजोबांच्या तोंडून ऐकलेली, आणि कोकणात तर गावोगावच्या वेशीवर वेताळाचे ठाणे असावयाचेच. मुलांस कोडे पडले ते नावाचे. मराठीत बेताल म्हणजे ज्याचा ताल सुटला आहे तो! झाडावरून पाठीवर आणि पाठीवरून झाडावर उड्या मारणाऱ्या त्या प्राण्यास हे नाव पुष्कळ मुलांनी विशेषणच समजून मान्य केले. पडद्यावर विक्रमाच्या पाठीवर एक वेताळ असे, आणि उजव्या हातास दुसरा फिकट विक्रम दुसरा फिकट वेताळ घेऊन चालत असे. तितके भय पुढील काळातील लाखो रुपये खर्चून केलेल्या चित्रांनीही क्वचितच निर्माण केले असेल.

त्या काळच्या नटांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. वाहिनी एक, म्हणून चेहरेही मोजके. २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' सुरू झाले तेव्हा ज्या खांद्यावर काल वेताळ होता त्याच खांद्यावर मुलांनी भाता पाहिला. १९८८ ते १९९० या काळात 'महाभारत' चालले. त्यातील भीष्म मुकेश खन्ना यांनी उभा केला, आणि तेच गृहस्थ १९९७ साली 'शक्तिमान' होऊन आले. मोठ्यांनी यास एकच नट दोन भूमिका करीत आहे असे म्हणावे. मुलांची समजूत निराळी होती. ज्याने शरशय्येवर प्राण रोखून धरले त्यास उडता येत असले तर नवल काय, असा तो सरळ हिशेब. त्यांच्या दृष्टीने पडद्यावरील वीरांस पूर्वजन्म होते. या दोन पौराणिक मालिकांनी पनवेलच्या खराट्यांची मात्र दैना केली. हिराचे बाण, बांबूच्या कामटीचे धनुष्य आणि सुतळीची प्रत्यंचा अशी शस्त्रे घरोघर तयार झाली, आणि दोन बाण आकाशात एकमेकांस भिडून विझतात की नाही याचे प्रयोग परसात चालू झाले. ते कधीच भिडले नाहीत.

मराठी मुलांचा स्वतःचा, घरचा म्हणता येईल असा साहसवीर याच दशकात पडद्यावर आला. भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे हा पुस्तकांतून आधीच घराघरांत पोहोचलेला होता. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवन शाळेचा विद्यार्थी, हडकुळा, सायकलीवर स्वार, आणि आश्चर्य वाटले की जिभेने 'ट्टॉक' असा आवाज काढणारा. दूरदर्शनवरील मालिकेत हे काम सुमीत राघवन यांनी केले. ते तेव्हा स्वतःही शाळकरी वयाचेच होते. या वीरास पंख नव्हते, गदा नव्हती, मंत्रही नव्हता. जे होते ते पनवेलच्या कोणत्याही मुलास तासाच्या भाड्याने मिळण्यासारखे होते, ते म्हणजे सायकल. पुस्तक वाचलेल्या मुलांनी नटाच्या चेहऱ्याविषयी कुरकूर केली, न वाचलेल्यांनी पुस्तक शोधावयास वाचनालय गाठले. कुरकूर करणाऱ्यांचे म्हणणेही अगदीच चुकीचे नव्हते. वाचताना प्रत्येकाच्या मनात एक वेगळा फेणे तयार झालेला होता, आणि दूरदर्शनने त्या हजार फेण्यांचा एक केला. २०१७ साली याच नावाचा चित्रपट निघाला तेव्हा अमेय वाघ हे तरुण फेणे झाले, व दिलीप प्रभावळकर यांनी खुद्द भागवतांची भूमिका केली. त्या चित्रपटास गेलेल्या कित्येक आईबापांच्या मनात मात्र जुनाच मुलगा सायकल मारीत होता.

१९९३ साली रविवारी सकाळी मोगली आला. किपलिंगच्या कथांवरून जपानमध्ये काढलेली ही चित्रमालिका हिंदीत आणली गेली. तिचे शीर्षकगीत गुलझार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे, आणि शेरखान वाघाचा आवाज नाना पाटेकर यांचा. नाना पाटेकर हे मुरुडचे, म्हणजे पनवेल ज्या जिल्ह्यात आहे त्याच रायगड जिल्ह्याचे. मध्य हिंदुस्थानच्या अरण्यातील, इंग्रज लेखकाने रचलेला, जपानी चित्रकारांनी रंगविलेला वाघ आपल्या जिल्ह्यातील माणसाच्या तोंडून गुरगुरतो आहे, ही गोष्ट पनवेलच्या मुलांस त्या वयात ठाऊक होती असे नव्हे. परंतु त्या आवाजातील तुटक, ठसकेबाज बोलणे त्यांस परके वाटले नाही हे खरे. १९९४ साली सुरू झालेल्या 'चंद्रकांता'तून मुलांनी राजकुमारापेक्षा क्रूरसिंहच उचलला. अखिलेंद्र मिश्रा यांचा तो 'यक्कू' हा उद्गार शाळेच्या आवारात इतका माजला की त्याबद्दल छड्याही बसल्या.

'शक्तिमान' १३ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाला आणि २००५ पर्यंत चालला. तोवर केबलच्या तारा आळीत आलेल्या होत्या, घरोघर यंत्रे झाली होती, तरीही हा वीर दूरदर्शनचाच राहिला. तो स्वतःभोवती गरगर फिरे आणि उडे. हे उडणे कसे साधते हे समजावून देणारे त्या वेळी थोडे होते. नटास एकाच गडद रंगाच्या, निळ्या अथवा हिरव्या, पडद्यासमोर टांगतात किंवा आडवे ठेवतात. चित्र जुळविणारे यंत्र त्या चित्रातील तेवढाच रंग शोधून काढून टाकते व त्या जागी दुसरे, आधी घेतलेले आकाशाचे किंवा शहराचे चित्र बसविते. नट हातभर उंचीवर असतो, आणि पाहणारास तो ढगांत दिसतो. ही एवढीशी माहिती मुलांपर्यंत वेळेवर पोहोचली असती तर बरे झाले असते. कारण देशाच्या निरनिराळ्या भागांतून मुलांनी अनुकरण करताना उंचावरून उड्या घेतल्याच्या, भाजून घेतल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येऊ लागल्या. त्यांतील किती खऱ्या यावर पुष्कळ वाद झाला, परंतु घरोघरच्या आया धास्तावल्या यात वाद नव्हता. कौलावर अँटेना नीट करावयास मुलास बिनघोर चढविणारे तेच गाव आता गच्चीच्या दारास कुलूप घालू लागले. खुद्द नट पडद्यावर येऊन आपले अनुकरण करू नका असे मुलांस बजावू लागला, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी वीराने लहान मुलांस दोन हिताच्या गोष्टी सांगावयाच्या असा पाठच पडला. वीराने स्वतःचे वीरत्व खोटे आहे असे सांगावयाचे, आणि तेही वीराच्याच वेषात! मुलांनी त्याचे ऐकले ते बहुधा या वेषामुळेच.

या सर्व मालिकांचे मुलांच्या मनावर जे राज्य चालले त्याचे मूळ केवळ त्यांच्या गुणांत शोधणे चुकीचे होईल. गुण बेताचेच होते. दाढ्या चिकटविलेल्या दिसत, तलवारी वाकत, राक्षसाच्या गुहेचा दगड हात लागताच हले. खरी गोष्ट अशी की मुले मालिका अर्धी पाहत आणि अर्धी सांगत. एखाद्या रविवारी वीज जाई. कोणाकडे पाहुणे येत, कोणास आजोळी जावे लागे. चुकलेला भाग पुन्हा दिसण्याची सोय नव्हती. मग सोमवारी शाळेत मधल्या सुट्टीत ज्याने पाहिले त्याने न पाहिलेल्यांस सांगावयाचे. सांगणारा हुशार असेल तर पडद्यावर दोन सैनिक असत तेथे त्याच्या तोंडी दोनशे होत, आणि वेताळाने विचारलेल्या प्रश्नास एखादे उत्तर तो पदरचेही देई. पुष्कळदा प्रत्यक्ष पाहिलेल्या भागापेक्षा ऐकलेलाच भाग अधिक काळ स्मरणात राहिला. कीर्तन, आजीच्या गोष्टी आणि आकाशवाणी यांनी घडविलेला कान अजून बोथट झालेला नव्हता, हे त्याचे कारण होय.

ही तोंडी परंपरा आज अनपेक्षितपणे मोलाची झाली आहे. त्या काळी चित्रफिती महाग होत्या आणि केंद्रांतून एकाच फितीवर जुने पुसून नवे चित्रण करण्याची रीत होती. त्यामुळे बाहेरच्या निर्मात्यांनी आपल्या खर्चाने केलेल्या मोठ्या हिंदी मालिका बऱ्याच अंशी जपल्या गेल्या, परंतु केंद्रांनी स्वतः केलेल्या, मुलांसाठीच्या लहानसहान कार्यक्रमांपैकी कित्येक कायमचे गेले. त्यांचे भाग आता असलेच तर ते त्या ओटीवर बसलेल्या मुलांच्या डोक्यात आहेत, आणि ती मुले आता चष्म्याची झाली आहेत.

२०२० साली मार्चअखेर साऱ्या देशाचे दरवाजे साथीने बंद झाले तेव्हा दूरदर्शनने 'रामायण', 'महाभारत' आणि पाठोपाठ 'शक्तिमान' पुन्हा दाखविले. पनवेलच्या इमारतींतून त्या दिवसांत बापांनी आपल्या मुलांस मोठ्या उत्साहाने यंत्रापुढे बसविले. मुलांनी थोडा वेळ शिष्टाचाराने पाहिले. बाण इतक्या सावकाश का जातात, हा वीर एकाच जागी इतका का फिरतो, असे प्रश्न त्यांनी विचारले, आणि मग ती आपापल्या हातातील पडद्यांकडे वळली. बाप मात्र पाहत राहिला. जेथे चित्र संपले तेथून पुढे, मुलगा ऐकतो आहे की नाही याची पर्वा न करता, त्याने सांगावयास सुरुवात केली: त्या दिवशी कौलांवर कोण चढला होता, कावळा कोठे बसला होता, आणि नेमका राजा झाडापाशी पोहोचतो आहे तोच वीज कशी गेली.