देवाचा कोप आणि माणसाचा अनुताप

आज गुड फ्रायडे. मराठी ख्रिस्ती बांधव यालाच शुभ शुक्रवार अथवा उत्तम शुक्रवार असे म्हणतात. राखेच्या बुधवारी कपाळी राखेची खूण घेऊन आरंभिलेला चाळीस दिवसांचा उपवासकाल आता समाप्तीस आला आहे. (मधले रविवार या गणतीत धरीत नाहीत.) ती राख गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये आज घंटानाद होणार नाही, वेदीवर वस्त्र असणार नाही. सणांच्या पानावर एरवी आपण आनंदाच्या तिथींविषयी वाचतो. हा दिवस मात्र शोकाचा आणि आत्मपरीक्षणाचा आहे.

या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार करावा असे मनात आले. तो प्रश्न जितका त्यांचा, तितकाच आपल्या घरांतलाही आहे. कीर्तन संपते, बुक्का लावून घेण्यासाठी मंडळी पुढे येतात आणि एखादी माउली आवाज खाली आणून विचारते, "बुवा, आमच्या घरावर देवाचा कोप झाला आहे का हो?" कोणाचे कर्तेसवरते मूल गेलेले असते, कोणाच्या घरी दुखणे हटत नसते. एकतीस वर्षे मी कीर्तनाला उभा राहतो आहे. याहून अवघड प्रश्न मला कोणी विचारलेला नाही.

वस्तुतः भगवद्गीतेने काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन द्वारे म्हणून सांगितली आहेत. मग प्रत्यक्ष देव कोपतो तो कसा? ख्रिस्ती धर्मग्रंथात तर देवाच्या क्रोधाचे उल्लेख पदोपदी येतात. त्यामुळे आपल्याकडे दोन समजुती रूढ झाल्या आहेत. एक अशी की, त्यांचा देव मोठा रागीट. दुसरी अशी की, त्यांच्यात एकदा 'चुकलो' म्हटले की सारे माफ. या दोन्ही समजुती एकाच घरात सुखाने नांदतात, हे नवल आहे.

शब्दापासून आरंभ करू. आम्हां संस्कृतवाल्यांची ती खोडच आहे. बायबलचा जुना करार बहुतांशी हिब्रू भाषेत आहे. त्या भाषेत क्रोधासाठी 'अफ' हा शब्द येतो आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे नाक. रागावलेल्या माणसाच्या नाकपुड्या फुलतात, श्वास तापतो. आपणही एखाद्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो असे म्हणतोच. आता गंमत पाहावी. देवाचे वर्णन करताना तो ग्रंथ पुनःपुन्हा एक विशेषण योजतो आणि त्याचा अक्षरशः अर्थ होतो 'लांब नाकाचा'. राग शेंड्यापर्यंत पोचावयास ज्याला फार वेळ लागतो, असा. मराठी बायबलात याला 'मंदक्रोध' असा सुरेख प्रतिशब्द दिला आहे. हे विशेषण प्रथम येते तेही कोपाच्याच प्रसंगानंतर. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी इस्राएल लोकांनी सोन्याचे वासरू करून पूजिले, देव संतप्त झाला, मोशेने लोकांसाठी रदबदली केली, त्यानंतर. (मूर्तिपूजेविषयी त्यांचा आणि आपला मतभेद आहे; तो विषय आज नको.)

या लांब नाकाबद्दल एका भक्ताने देवाकडे चक्क गाऱ्हाणे केले आहे. योना हे त्याचे नाव. निनवे ही अश्शूरांची राजनगरी. आज इराकात मोसुल शहरासमोर, तैग्रीस नदीच्या पलीकडे तिचे अवशेष आहेत. हे अश्शूर म्हणजे योनाच्या लोकांचे वैरी. तेथे जाऊन इशारा दे, अशी देवाज्ञा झाली, तर हा गृहस्थ याफोच्या बंदरावर जाऊन उलट दिशेच्या गलबतात बसला. वादळ, प्रचंड मत्स्य, त्याच्या उदरात तीन दिवस, हा भाग बहुतेकांना ऐकून ठाऊक असतो. खरी कथा पुढे आहे. योनाने निनवेत जाऊन पुकारा केला की, चाळीस दिवसांनी नगर उलथून पडेल. त्यात 'जर' नाही, 'तर' नाही. तथापि राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, माणसांनी आणि गुरांनीही गोणताट पांघरले, आणि देवाने योजिलेले अरिष्ट टाळले. झाले, योनाच संतापला! तू मंदक्रोध आहेस हे मला ठाऊकच होते, म्हणून तर मी पळालो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. ज्याला नाशच करावयाचा आहे तो चाळीस दिवसांची सूचना कशाला देईल, हे योनाने बरोबर ओळखले होते. शेवटी देव त्यालाच विचारतो की, उजवा-डावा हातही न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसे आणि इतकी गुरेढोरे यांची कीव मला येऊ नये काय? या प्रश्नापाशी ग्रंथ संपतो. योनाचे उत्तर दिलेले नाही. यहुदी लोक आपल्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पुरला, हाच ग्रंथ वाचतात.

आता कोप कोणावर होतो ते पाहू. त्यासाठी दावीद राजाचे आख्यान सांगितले पाहिजे. बायबलमधील आख्याने कीर्तनात लावणे ही मराठीला नवी गोष्ट नव्हे. एकोणिसाव्या शतकात नगर भागात ख्रिस्ती कीर्तनकार उभे राहिले, कोकणातील बेने इस्राएल मंडळीही मराठीतून आपली कीर्तने करीत. आणि त्यापूर्वी कितीतरी आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्सने गोव्यात सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण सिद्ध केले होते.

दावीद हा देवाचा लाडका राजा. सैन्य लढाईवर गेले असता तो यरुशलेमेत मागे राहिला आणि उरीया नामक आपल्या शिपायाची पत्नी बथशेबा हिच्याशी त्याने व्यभिचार केला. तिला दिवस गेले. पाप झाकावे म्हणून राजाने उरीयाला रणांगणावरून बोलावून घरी जाण्यास सांगितले. पण सोबती उघड्यावर पडले असता मी घरी कसा निजू, असे म्हणून तो निष्ठावंत शिपाई राजवाड्याच्या दारातच झोपला. तेव्हा राजाने सेनापतीला पत्र लिहिले की, याला घनघोर लढाईत पुढे ठेवून मागे सरा. ते पत्र त्याने उरीयाच्याच हाती दिले! उरीया मारला गेला. राजाने बथशेबेशी विवाह केला, मूल झाले. एवढे सगळे होईपर्यंत आकाशातून वीज पडली नाही की भूमी दुभंगली नाही. ही गोष्ट देवाला वाईट वाटली, एवढेच वाक्य ग्रंथकार लिहितो.

मग नाथान नावाचा संदेष्टा दरबारी आला. त्याने शाप दिला नाही, गोष्ट सांगितली. एका गावी एक श्रीमंत आणि एक दरिद्री असे दोघे राहत. श्रीमंताची खिल्लारे होती. गरिबापाशी एकच मेंढी होती, ती त्याच्या ताटातले खाई, त्याच्या उराशी निजे, लेकीसारखी वाढलेली. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने आपले जनावर राखले आणि गरिबाची मेंढी नेऊन पाहुणचार केला. ऐकताच दावीद क्रोधाने लाल झाला. असा मनुष्य मरणास पात्र आहे, त्याने चौपट भरून द्यावे, असा निवाडा त्याने दिला. नाथान एवढेच म्हणाला की, तो मनुष्य राजा स्वतःच आहे.

मला या प्रसंगाचे मर्म येथे दिसते. देवाने आपला क्रोध राजाच्याच अंतःकरणात पेटविला, राजाच्याच तोंडून बोलविला. आणि तो क्रोध ज्याची एकुलती मेंढी गेली त्याच्या बाजूचा होता. गीतेने ज्या क्रोधाला नरकाचे द्वार म्हटले तो 'माझे' आणि 'मला' यांतून उपजणारा. हा त्या जातीचा नव्हे. दुबळ्यावर अन्याय झाला असता ज्याला काहीच वाटत नाही, त्याला दयाळू कसे म्हणावे? चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियस नावाच्या लॅटिन पंडिताने देवाच्या क्रोधावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यातला युक्तिवाद याच धर्तीचा आहे.

दाविदाने पाप कबूल केले. त्याचे प्राण वाचले. पण ते मूल मात्र मरेल, असे नाथानाने सांगितले. राजा सात दिवस निराहार भूमीवर पडून होता. मूल गेले. हा शेवट मला आजही सुखाने वाचवत नाही. टीकाकारांनी त्याचे समर्थन बरेच केले आहे. माझे समाधान झालेले नाही.

आणि धोका नेमका इथेच आहे. या कथेवरून कोणी उलटा नियम बांधील की, ज्याचे मूल गेले त्याने काही पाप केलेले असलेच पाहिजे. हा नियम त्याच धर्मग्रंथाने मोडून काढला आहे, तोही तीन वेळा. ईयोब नावाच्या सज्जनाची मुले, संपत्ती, आरोग्य सारे गेले. मित्र आले आणि त्याला पटवू लागले की, तुझे काही पाप असल्याखेरीज देव असे करणार नाही. पुष्कळ अध्याय हा वाद चालतो. अखेरीस देव कोपतो, परंतु तो ईयोबावर नव्हे. दुःखिताला पापी ठरवून देवाची वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर! पुढे नव्या करारात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य येशूला विचारतात की, पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली होती. ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे सांगून तो ऐकणाऱ्यांनाच स्वतःकडे वळावयास लावतो. बुक्का लावताना त्या माउलीने विचारलेल्या प्रश्नाला मी आपल्या शास्त्रांतून उत्तर देतोच. पण ईयोबाच्या मित्रांची गत आठवली की जीभ जपून चालते.

राहिला अनुताप. आपला 'पश्चात्ताप' हा शब्द मागाहून होणारी जळजळ सांगतो. हिब्रू शब्द 'शूव' याचा अर्थ मात्र परत फिरणे, घराकडे वळणे. ग्रीक नव्या करारात 'मेटानोइया' आहे, म्हणजे मनाचा पालट. लॅटिन भाषांतरात याचे असे रूप झाले की, 'प्रायश्चित्त करा' असाही अर्थ निघू लागला. १२१५ च्या लॅटेरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापकबुली आवश्यक ठरविली; पुढे दंडमाफीच्या पत्रांसाठी पैसे घेतले जाऊ लागले. १५१६ मध्ये इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला आणि १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने आपली ९५ विधाने मांडली. त्यांतले पहिलेच विधान असे की, भक्ताचे सारे आयुष्यच अनुतापाचे असावे. युरोपचा धर्म दुभंगला त्यात एका शब्दाच्या अर्थाचाही वाटा होता. आपल्या पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून बायबल सोप्या मराठीत उतरविले ते याच जागरूकतेने; १९२२ मध्ये देह ठेवण्यापूर्वी त्यांनी ते काम पुरे केले.

मनुस्मृतीचा अकरावा अध्याय जाणणाऱ्यास हे परके वाटणार नाही. संतापाने मनुष्य पापातून सुटतो, पण पुन्हा तसे न करण्याच्या निवृत्तीने तो पवित्र होतो, असे तेथे म्हटले आहे. निवृत्ती म्हणजेही मागे वळणे. भेद आहे तो वळून जावयाचे कोणाकडे, यात. ख्रिस्ती श्रद्धेत ज्याचा अपराध केला, ज्याच्या कोपाचे भय वाटते, त्याच्याच दारी जावयाचे असते. मार खाल्लेले पोर मारणाऱ्या आईच्याच पदराला बिलगते, तसे. क्रुसावर येशूने मानवजातीचे पाप वाहिले ही सर्व ख्रिस्ती पंथांची श्रद्धा. देवाच्या क्रोधाचा दंड त्याने सोसला असे कॅल्विनच्या परंपरेतले लोक म्हणतात, पूर्वेकडील पंथ मृत्यूवरील विजयाला महत्त्व देतात. त्या वादात शिरण्याचा अधिकार माझा नव्हे.

पण त्या रात्रीच्या दोन शिष्यांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. यहूदाने तीस रुप्यांसाठी गुरूला धरून दिले. पेत्राने कोंबडा आरवण्यापूर्वी तीन वेळा, मी त्याला ओळखत नाही, असे सांगितले. दोघांनाही पश्चात्ताप झाला. किंबहुना यहूदाने अधिक केले असे कोणी म्हणेल: त्याने अपराध बोलून दाखविला, पैसे परत नेऊन दिले. मात्र तो गेला याजकांकडे, आणि आम्हांला त्याचे काय, असे म्हणून त्यांनी त्याला झिडकारले. त्याने जीव दिला. मत्तयाच्या ग्रीक ग्रंथात त्याच्या खेदासाठी मेटानोइयाहून वेगळा शब्द आला आहे.

पेत्र रडला आणि कोठे गेला ते सांगितलेले नाही. पुनरुत्थानानंतर मात्र गालीलच्या सरोवराकाठी पहाटे येशू उभा असल्याचे कळताच तो नाव किनाऱ्याला लागण्याचीही वाट न पाहता पाण्यात उडी टाकतो. काठावर कोळशांचा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासे, जवळ भाकर. कोळशांच्या विस्तवासाठी तेथे जो ग्रीक शब्द आहे, तोच योहानाने पेत्र गुरूला नाकारीत शेकत उभा होता त्या अंगणाच्या वर्णनात योजिला आहे. न्याहारी झाल्यावर येशू त्याला, माझ्यावर तुझी प्रीती आहे काय, असे तीन वेळा विचारतो. झाल्या गोष्टीचा उच्चारही करीत नाही. तिसऱ्या वेळी पेत्र खिन्न झाला, असे ग्रंथ सांगतो. तरी त्याने होय म्हटले, आणि प्रत्येक उत्तरानंतर कळपाची राखण त्याच्याकडे सोपविण्यात आली.