घरबाजार पडतो तेव्हा ट्रॉल्यांचं काय होतं?

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत किचन ट्रॉल्या बनवणारा एक कारखाना आहे. वर्षाची विक्री १ कोटी. त्यातले ६० लाख प्लाय, लॅमिनेट, बिजागऱ्या आणि चॅनेलमध्ये जातात. ३० लाख गाळ्याचं भाडं, पगार, शोरूम आणि मशीनचे हप्ते खातात. मालकाला उरतात १० लाख. आता घरांचा बाजार थंडावला आणि विक्री २० टक्क्यांनी घटली. नफा किती घटेल?

झटकन तोंडात येतं, २० टक्के. पण मांडून बघा. विक्री ८० लाख, माल ४८ लाखांचा. भाडं, पगार आणि हप्ते मात्र जागचे हलत नाहीत, ते ३० लाखच. उरले २ लाख. विक्री पाचवा हिस्सा घसरली आणि नफ्याचे पाचातले चार हिस्से गेले! विक्री आणखी ५ लाखांनी घटली की हातात शून्य. चांगल्या वर्षी हेच गणित उलटं फिरतं. विक्री २० टक्के वाढली की १० लाखांचे १८ लाख होतात. कारागीर तेच, मशीन तेच, मालकही तोच. म्हणून तेजीच्या वर्षाचा ताळेबंद बघून कुणाच्या हुशारीचे गोडवे गाऊ नयेत आणि मंदीतला बघून कुणाला मूर्खातही काढू नये.

दुसरी गंमत वेळेची. ट्रॉल्या ही नव्या घरात शिरणाऱ्या अगदी शेवटच्या वस्तूंपैकी एक. बुकिंग, स्लॅब, प्लास्टर, फरशी, ग्रॅनाइटचा ओटा हे सगळं उरकल्यावर माप घेणारा येतो. त्याआधी येऊन उपयोग नसतो, कारण ओट्याखालच्या कडाप्प्याच्या दोन उभ्या आधारांमधलं अंतर नकाशात ६०० मिलिमीटर असलं, तरी प्रत्यक्षात ५९४ भरू शकतं. मग ६०० चं कॅबिनेट आत जाणारच नाही. मापानुसार माल करणाऱ्या कारखान्याला मंदीत बसल्या बसल्या पेट्या बनवून ठेवण्याची सोय नाही. बांधकाम रखडलं की त्याचं मशीनही थांबतं.

त्यामुळे घरबाजारातली पडझड त्याच्यापर्यंत उशिरा पोचते. धरणक्षेत्रात पाऊस उघडला, तरी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा चढतच असते, तसं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी आली, मे २०१७ मध्ये महारेरा आणि जुलैत जीएसटी. बिल्डर नवे प्रकल्प काढायला कचरत होते, तेव्हाही दोन-तीन वर्षांपूर्वी बुक झालेल्या फ्लॅटची कामं हाती असणारा ट्रॉलीवाला निवांत राहू शकत होता. त्याची खरी परीक्षा पुढे होती. प्लायवूड आणि फर्निचरवरचा जीएसटी नोव्हेंबर २०१७ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, एवढाच काय तो दिलासा.

२०२० मध्ये तर सगळं एकाच वर्षात घडलं. टाळेबंदीमुळे एप्रिलमध्ये मुंबईत घरांची नोंदणी शून्यावर आली. मग राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं आणि एकट्या डिसेंबरात मुंबईत १९ हजारांवर नोंदण्या झाल्या. पण या लाटेतलं प्रत्येक घर ट्रॉलीवाल्याकडे एकाच वेळी येत नाही. तयार फ्लॅट घेणारा महिन्या-दोन महिन्यांत माप द्यायला बोलावतो. बांधकाम चालू असलेला घेणारा दोन-तीन वर्षांनी उगवतो. सरकारने एकदा शुल्क घटवलं, कारखान्याकडे त्याच्या दोन लाटा येतात.

तिसरा भाग रोकड्याचा. ट्रॉल्यांच्या धंद्यात गिऱ्हाईक निम्म्याच्या आसपास रक्कम आगाऊ देतं आणि त्यातूनच माल उचलला जातो. नव्या ऑर्डरी येत असतात तोवर एकाच्या आगाऊ पैशावर दुसऱ्याचं काम निघतं. त्या थांबल्या की कागदावर नफा दिसतो आणि प्लायवाल्याला द्यायला गल्ल्यात पैसा नसतो. त्यात बिल्डरची घाऊक ऑर्डर असेल तर उधारी लांबते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावीत, असं २००६ चा कायदा सांगतो. पण तगादा लावला तर पुढची ऑर्डर जाईल, ही भीती कायद्याहून मोठी ठरते.

मग मंदीत तरतं कोण? ब्रिटनमधलं एक उदाहरण चक्रावून टाकणारं आहे. तिथल्या एमएफआय या जुन्या फर्निचर कंपनीच्या पोटातून १९९५ मध्ये हाउडन्स हा किचनचा धंदा निघाला. २००६ मध्ये मूळ दुकानांची साखळी नाममात्र १ पौंडाला विकली गेली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये ती बुडाली. तिच्या बऱ्याच बंद दुकानांचं भाडं जुन्या हमीपोटी हाउडन्सच्या मालक कंपनीच्या गळ्यात पडलं. त्याच सुमारास, २००७ ते २००९ या काळात, ब्रिटनमधले घरांचे व्यवहार जवळपास निम्म्यावर आले. तरी २००९ मध्ये या कंपनीने सुमारे ७७ कोटी पौंडांची विक्री केली आणि नफाही कमावला.

ही किमया कशी झाली? हाउडन्स घरमालकाला माल विकतच नाही. ती विकते गावोगावच्या छोट्या ठेकेदारांना, ठरावीक मापांची कॅबिनेटं डेपोत तयार ठेवून आणि उधारीवर. ठेकेदार आधी बसवतो, घरमालकाकडून पैसे घेतो, मग कंपनीला देतो. मंदीत लोक घर बदलत नाहीत, पण आहे त्याच घरातलं जुनं किचन उखडून नवं बसवतात आणि ते काम या छोट्या ठेकेदारांकडेच जातं.

आपल्याकडे हाच धडा एशियन पेंट्सच्या हिशेबात उलट्या बाजूने दिसतो. कंपनीने २०१३ मध्ये मुंबईच्या स्लीक किचनचे ५१ टक्के घेतले आणि २०१७ मध्ये उरलेलेही. रंगांसह सगळी उलाढाल ३० हजार कोटींच्या पुढे गेली. किचनची विक्री ४०० कोटींच्या आसपास घुटमळली आणि त्यात कित्येक वर्षं तोटाच झाला. ग्राहक तोच, घर तेच! फरक असा, की देशातल्या घरगुती रंगाची बहुतेक मागणी जुन्या भिंती पुन्हा रंगवण्यातून येते. दिवाळी दर वर्षी येते. किचन मात्र एकदा बसलं की पंधरा वर्षं कुणी ढुंकून बघत नाही.

कोल्हापुरात जुन्या घरांतली ही मागणी कधी कधी नदीही ठरवते. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. भुशाचा पार्टिकल बोर्ड पाण्यात राहिला की कडेने फुगतो, स्क्रू सुटतात आणि सुकल्यावरही तो मूळ जाडीवर येत नाही. असं किचन बदलावं लागतं, मग घरबाजार तेजीत असो की मंदीत.

आता ज्याला भाडं, पगार, हप्ते जवळपास नाहीतच, असा टिंबर मार्केटमधला सुतार बघा. वर्षाचं काम २० लाखांचं, १२ लाखांचा माल, १ लाख इतर खर्च, उरले ७ लाख. काम २० टक्के घटलं तर ५ लाख ४० हजार उरतात. ओढाताण होते, पण तोटा नाही. मोठ्या कंपनीचा तोटा तिचा रंग सोसतो. मरण आहे मधल्याचं, ज्याने तेजीतल्या ऑर्डरी बघून कर्जावर सीएनसी मशीन आणलं आणि सगळी भिस्त एका बिल्डरवर ठेवली. असं मशीन घेण्याआधी एक आकडा काढावा: गेल्या वर्षीच्या कामातलं जुन्या घरांतलं किती होतं? मशीनचा हप्ता तेवढ्यावर निघत असेल, तर खुशाल घ्यावं.