दोन गिटारी, एक ध्वनिवर्धक



गिटार हें वाद्य आतां आपल्याकडे परकें राहिलेलें नाहीं. वसईच्या आणि गोव्याच्या चर्चमधील प्रार्थनेंत तें वाजतें, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत वाजतें, आणि ज्या घरांत पूर्वीं फार तर तबला-पेटी असे त्या घरांतही एखादा मुलगा किंवा मुलगी गिटार घेऊन बसलेली दिसते. पहिली गिटार बहुधा साधी, म्हणजे पोकळ लांकडी अंगाची असते. वर्षा-दोन वर्षांनीं तिच्या जोडीला विजेची गिटार येते, आणि मग प्रश्न उभा राहतो तो ध्वनिवर्धकाचा, अर्थात् अॅम्प्लिफायरचा. दोन गिटारींना दोन घेण्याइतका पैसा नसतो आणि दोन वाहून नेण्याइतके हातही नसतात. तेव्हां दोहोंच्या उपयोगी पडेल आणि उचलून नेतां येईल असा एकच अॅम्प्लिफायर कसा निवडावा, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम या दोन वाद्यांचा स्वभाव समजून घेऊं. विजेच्या गिटारीचें अंग बहुधा भरीव असतें. तारांखालीं पिकअप बसविलेला असतो. त्यांत लोहचुंबक असतात आणि त्यांभोंवतीं केंसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. वरची पोलादी तार कांपूं लागली कीं चुंबकीय क्षेत्र हलतें आणि वेढ्यांत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं जें तत्त्व दाखवून दिलें तेंच येथें काम करतें. साध्या गिटारीचा नाद तारेकडून घोडीकडे आणि घोडीकडून लांकडी पोटाकडे जातो. तिच्या घोडीखालीं पुष्कळदां एक बारीक पट्टी बसवितात. दाब पडतांच वीज निर्माण करणें हा या पट्टीचा गुण. कांहीं स्फटिकांच्या ठायीं असलेला हा गुण प्येर आणि झाक क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं शोधून काढला. या पट्टीस पायझो पिकअप म्हणतात.

भेद येथेंच संपत नाहीं. विजेच्या गिटारीचा अॅम्प्लिफायर हा अर्धें वाद्यच असतो. त्याचा १० किंवा १२ इंची स्पीकर साधारणपणें ५,००० हर्ट्झच्या वरचे सूर फारसे बाहेर पाठवीत नाहीं, आणि त्यामुळें आवाजाला गोलाई येते. शिवाय तो मुद्दाम फाडून, घोगरा करूनही वाजवितात. साध्या गिटारीला हें कांहींच नको असतें. नखाचा स्पर्श, तारेची झणकार, लांकडाची ऊब हीं जशींच्या तशीं मोठीं होऊन यावींत, एवढीच तिची मागणी. त्यासाठीं मोठ्या स्पीकरच्या जोडीला उंच सूर उमटविणारा लहान स्पीकर, म्हणजे ट्वीटर, लागतो. विजेच्या गिटारीच्या अॅम्प्लिफायरवर साधी गिटार वाजविली तर ती सर्दी झालेल्या गवयासारखी वाटते. उलट, साध्या गिटारीच्या अॅम्प्लिफायरवर विजेची गिटार फाडून वाजविली तर डब्यांत माशी अडकल्यासारखा कर्कश आवाज निघतो.

मग एकानें दोघींचें समाधान कसें करावें? कापडाची उपमा येथें उपयोगी पडेल. पांढऱ्या कापडाला हवा तो रंग देतां येतो. रंगीत कापड पांढरें करणें कठीण. तसेंच येथें आहे. ज्याचा आवाज स्वच्छ आणि पूर्ण पल्ल्याचा आहे, त्याच्याकडून विजेच्या गिटारीचा रंग काढून घेतां येतो. आजच्या पुष्कळ अॅम्प्लिफायरांत निरनिराळ्या जुन्या अॅम्प्लिफायरांच्या आणि स्पीकरांच्या स्वभावाची नक्कल करणारी योजना असते. ती नसल्यास स्पीकरची नक्कल करणारें एक लहानसें पेडल मध्यें जोडलें कीं काम भागतें. पण जो स्पीकर उंच सूर काढूंच शकत नाहीं, त्याच्याकडून ते कोणतेंही बटण फिरवून निघणार नाहींत. म्हणून माझें सांगणें असें कीं, निवड साध्या गिटारीच्या बाजूनें करावी आणि विजेच्या गिटारीची सोय तिच्यामागून पाहावी.

माझा एक माजी विद्यार्थी रविवारीं चर्चमध्यें साधी गिटार वाजवितो आणि संध्याकाळीं मित्रांबरोबर विजेची. शिकवण्या करून दोन वर्षें सांठविलेल्या पैशांतून त्यानें १२ इंची स्पीकरचा, केवळ विजेच्या गिटारीसाठीं केलेला अॅम्प्लिफायर घेतला. मित्रमंडळींत त्याचें कौतुक झालें. पण चर्चमध्यें तो त्याला उपयोगीं पडेना, आणि वजनामुळें रिक्षावांचून नेतां येईना. वस्तु वाईट नव्हती. कामाशीं तिचा मेळ बसत नव्हता. ज्याला दुसऱ्यांदा खरेदी करतां येणार नाहीं, त्यानें हा मेळ आधींच पाहिला पाहिजे.

नमुन्यादाखल कांहीं नांवें सांगतों. रोलंडच्या क्यूब स्ट्रीट ईएक्समध्यें ८ इंची दोन स्पीकर आणि दोन ट्वीटर असून शक्ति एकूण ५० वॅट आहे. तो ८ सेलांवर चालतो, आणि मायक्रोफोन व गिटार यांसाठीं त्यांत निरनिराळी सोय आहे. यामाहाच्या टीएचआर मालिकेंतील यंत्रें घरांतील सरावासाठीं चांगलीं. त्यांत विजेच्या गिटारीचे अनेक रंग आहेत आणि साध्या गिटारीसाठीं वेगळी जागाही आहे. फिशमनचा लाउडबॉक्स मिनी चार्ज ६० वॅटचा असून पुन्हां भरतां येणाऱ्या बॅटरीवर चालतो. तो मुळांत साध्या गिटारीचा असल्यानें विजेच्या गिटारीला पेडलची जोड द्यावी लागते. बॉसचा कटाना मिनी हलका आणि स्वस्त खरा, पण ४ इंची स्पीकरचा तो छोटा जीव विजेच्या गिटारीसाठींच आहे.

दुकानांत वॅटची चर्चा फार होते. वॅट दुप्पट केले तर ध्वनि अवघा ३ डेसिबल वाढतो. आवाज दुप्पट मोठा भासावयास वॅट सुमारें दसपट लागतात. म्हणून २५ ऐवजीं ५० वॅट घेतल्यानें फारसा फरक पडत नाहीं, ५ ऐवजीं ५० घेतल्यानें मात्र पडतो. घरीं सरावाला ५ ते १० वॅट पुष्कळ झाले. वर्गांत किंवा लहान सभागृहांत ३० ते ६० असावेत, कारण साध्या गिटारीचा आघात न फाटतां जाण्यास शक्तीची शिल्लक लागते. मोकळ्या मैदानांत अंतर दुप्पट झालें कीं आवाज ६ डेसिबलनें घटतो, हेंही ध्यानांत असूं द्यावें.

सेलांवर चालण्याचा लाभ केवळ वीज गेल्यावरच होतो असें नाहीं. जुन्या सभागृहांत अर्थिंग पुष्कळदां सदोष असतें. तारांवर हात आणि ओठ मायक्रोफोनला लागले असतां विजेचा धक्का बसण्याचा संभव असतो. केवळ सेलांवर चालणाऱ्या अॅम्प्लिफायरचा घरच्या विजेशीं संबंध नसल्यानें गिटार आणि मायक्रोफोन दोन्ही त्यालाच जोडले असतां हें भय राहत नाहीं. मात्र त्यांतून वायर काढून सभागृहाच्या ध्वनियंत्रणेस जोडली, कीं तो संबंध पुन्हां जुळतो.

साध्या गिटारीची आणखी एक खोड आहे. स्पीकरचा आवाज तिच्या पोकळ पोटावर आदळतो, तें पोट तारांना हलवितें, तोच आवाज पुन्हां स्पीकरमधून येतो, आणि हुंकार सुरू होतो. यास्तव फीडबॅक रोखणारें किंवा फेज उलटविणारें बटण आहे कीं नाहीं तें पाहावें. आपल्या गिटारींत ९ व्होल्टची बॅटरी असलेला प्रीअॅम्प नसेल, तर अॅम्प्लिफायरचा इनपुट इम्पिडन्स निदान १० लाख ओहम असल्याची खात्री करावी. तो कमी असल्यास खर्जाचे सूर पातळ होतात.

खरेदीला जातांना स्वतःच्या दोन्ही गिटारी आणि स्वतःची वायर बरोबर न्यावी. सर्व परिणाम, विशेषतः रीव्हर्ब, प्रथम बंद करावे; घुमारा पुष्कळ दोष झांकतो. आधीं साधी गिटार लावावी, जाड तार एकटी छेडावी, मग सहाही तारा जोरानें वाजवाव्या. त्यानंतर मित्राला वाजवावयास सांगून आपण दहा पावलें दूर उभे राहावें, कारण ऐकणारे तेथेंच असतात. मग विजेची गिटार लावावी. शेवटीं सेल घालून तो उचलून दुकानाच्या दारापर्यंत चालून पाहावें. जो अॅम्प्लिफायर हातानें नेववत नाहीं, तो उचलून नेण्याजोगा नव्हे, मग त्यावरील अक्षरें कांहींही सांगोत.

या परीक्षेला तासभर लागेल. दुकानदार थोडा कंटाळेलही. पण पैसे आपले आहेत आणि कान आपले आहेत. दोन्ही जपून वापरावे, एवढीच विनंती.