पावसाने उचललेला डोंगर

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, पश्चिम किनाऱ्याकडे धावणाऱ्या वातारोआ नदीच्या पात्रात राखाडी शिस्ट खडकाचे दगड सापडतात. उन्हात फिरवले की अभ्रकाचे पापुद्रे चमकतात. भिंगाखाली काहींत तांबूस गार्नेटचे बारीक कण दिसतात. असा खडक घडायला जमिनीखाली वीसेक किलोमीटरवरचा दाब आणि उष्णता लागते. तो इतका वर आला, तरी त्याला वर आणणाऱ्या सदर्न आल्प्स रांगेतले सर्वोच्च शिखर, आओराकी ऊर्फ माउंट कुक, ३,७२४ मीटरचेच आहे. बाकीचा डोंगर गेला कुठे?

या बेटावर पॅसिफिक आणि ऑस्ट्रेलियन भूपट्ट एकमेकांना घासत सरकतात. त्यांची सीमा म्हणजे अल्पाइन भ्रंश. हॅरल्ड वेलमन यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिले, की उत्तरेला नेल्सनमधले खडक आणि दक्षिणेला ओटागोतले खडक मुळात एकाच पट्ट्याचे आहेत. भ्रंशाने त्यांची ४८० किलोमीटरने फारकत केली. हे सरकणे आजही वर्षाला पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास आहे. त्यातच दोन्ही भूपट्ट थोडे एकमेकांवर रेलतात, आणि भ्रंशालगतचा खडक काही ठिकाणी वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर उचलला जातो. दहा लाख वर्षांत दहा किलोमीटर!

पण टास्मान समुद्रावरून येणारे ओले वारे याच भिंतीवर आदळतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा मीटर पाऊस पडतो. इथल्या पश्चिम उतारावर काही जागी दहा मीटरहून जास्त. पलीकडे, पूर्वेला कँटरबरीच्या मैदानात, एक मीटरही नाही. पश्चिमेच्या दरडी, हिमनद्या आणि नद्या मिळून डोंगर समुद्रात नेऊन टाकतात. १४ डिसेंबर १९९१ला तर माउंट कुकचा माथाच ढासळला आणि शिखर एका रात्रीत दहाएक मीटरने बुटके झाले.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते यापुढचे. माथ्यावरचे ओझे जिथे कमी होते, तिथूनच खालच्या खडकाला वर यायला वाट मिळते. म्हणून खोलातला खडक पूर्वेला नव्हे, पावसाच्या बाजूला उघडा पडतो. झीज डोंगर नुसता खात नाही, तो कुठून उगवणार हेही ठरवते. २०१४ साली वातारोआच्या खोऱ्यात भ्रंशाजवळ विंधन केले, तेव्हा ६३० मीटरच्या आतच पाणी उकळेल इतके तापमान लागले. तिथे ज्वालामुखी नाही. खडक इतक्या वेगाने वर येतो, की त्याला निवायला सवड मिळत नाही. आणि डोंगरात मुरलेले पाणी ती उष्णता दरीत आणून सोडते.

अर्थात हे उचलणे रोज थोडेथोडे होत नाही. भ्रंश एरवी अडकून राहतो आणि सरासरी तीनेकशे वर्षांनी सुटतो. गेल्या वेळी तो १७१७ साली सुटला. तेव्हा जमीन आडवी आठेक मीटर सरकली. येत्या ५० वर्षांत पुन्हा मोठा भूकंप होण्याची शक्यता शास्त्रज्ञ ७५ टक्के मानतात. फ्रान्झ जोसेफ हे पर्यटकांचे गाव थेट या भ्रंशावर वसले आहे. तिथे धोका केवळ हादऱ्याचा नाही: सैल झालेले डोंगर खाली येतील, नद्यांची पात्रे गाळाने वर्षानुवर्षे भरत राहतील आणि पूर येत राहतील.